कार्लोस 'द जॅकल' नेमका कशासाठी मारत होता?

व्हेनेझुएलात होसे अल्ताग्रासिया रामिरेझ नावाचा एक वकील होता, खाऊन पिऊन सुखी, पैसेवाला आणि डोक्यानं कट्टर मार्क्सवादी, आणि त्याला तीन मुलं झाली तेव्हा त्यानं व्लादिमिर इलिच लेनिन हे नाव तोडून तिघांत वाटून टाकलं. थोरला इलिच, मधला लेनिन, धाकटा व्लादिमिर. आई पक्की कॅथलिक, तिला ख्रिश्चन नावं ठेवायची होती पण नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही. यातला थोरला, १९४९ साली जन्मलेला इलिच रामिरेझ सांचेझ, पुढे कार्लोस नावानं जगाला माहीत झाला आणि वीसेक वर्षं युरोपातल्या पोलिसांच्या नाकात दम आणला.

आता ह्या माणसाबद्दल कुठेही वाचायला घ्या, दोनच गोष्टी सापडतात. एक म्हणजे पॅलेस्टाईनसाठी लढणारा क्रांतिकारक (हे मुख्यतः तो स्वतः आणि त्याचे चाहते सांगतात), नाहीतर थंड डोक्याचा, कधीच न चुकणारा मारेकरी (हे पेपरवाले सांगतात). मला दोन्ही पटत नाहीत. त्याची सगळी कारकीर्द ओळीनं लावून बघितली तर त्याचा हेतू दर पाच-सात वर्षांनी बदलत गेलेला दिसतो, म्हणजे बोलणं तेच राहिलं पण मारायचं कारण बदललं. ते कसं, ते बघू.

सुरुवात अगदी सरळ आहे. घरात लहानपणापासून क्रांतीच्या गप्पा, शाळकरी वयातच डाव्या पोरांच्या चळवळीत, मग आईबाप वेगळे झाले आणि १९६६ मध्ये आई मुलांना घेऊन लंडनला आली. तिथून १९६८ ला तो आणि भाऊ लेनिन मॉस्कोला, पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात. हे विद्यापीठ सोव्हिएत युनियननं आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी काढलेलं होतं, आपल्या विचाराची माणसं जगभर तयार व्हावीत म्हणून. इलिचसाहेबांनी मात्र तिथे अभ्यास सोडून सगळं केलं. वडील पैसे पाठवायचे, ते दारू, पार्ट्या आणि मुलींवर उडायचे आणि १९७० मध्ये विद्यापीठानं त्याला काढून टाकलं. तोवर त्याची पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांशी दोस्ती झाली होती आणि त्यांच्याकडून एक नाव कानावर पडलं होतं, वादी हद्दाद.

इथे जरा थांबून हद्दाद काय चीज होती ते समजून घेतलं पाहिजे, कारण ते कळलं नाही तर कार्लोस कळतच नाही. १९६७ च्या युद्धात इस्रायलनं अरब देशांना सहा दिवसांत लोळवलं. त्यानंतर काही पॅलेस्टिनी गटांनी हिशोब मांडला की समोरासमोर लढून आपला निभाव लागणार नाही, मग जगाचं लक्ष जाईल असं काहीतरी जगभर करायचं. त्यातला एक गट म्हणजे पॉप्युलर फ्रंट फॉर द लिबरेशन ऑफ पॅलेस्टाईन, थोडक्यात पीएफएलपी. त्याचा नेता जॉर्ज हबाश, आणि परदेशातल्या कारवाया बघणारा वादी हद्दाद, दोघंही पेशानं डॉक्टर, हे एक विशेषच. विमानं पळवायची आयडिया हद्दादनं पद्धतशीर वापरली. पण लवकरच त्याला एक अडचण यायला लागली, अरब तरुण दिसला की युरोपातल्या एअरपोर्टवर त्याच्यावर नजर जायची. मग त्यानं परदेशी माणसं घ्यायला सुरुवात केली, जपानी रेड आर्मी ह्या डाव्या अतिरेकी गटाची पोरं, पश्चिम जर्मनीतले डावे अतिरेकी, आणि हा लॅटिन अमेरिकेतला गुबगुबीत, सुटाबुटातला, स्पॅनिश इंग्लिश रशियन बोलणारा पोरगा. कोणाला संशय येणार? लंडनच्या कॉकटेल पार्टीत आईसोबत मिरवणारा मुलगा बॉम्ब टाकेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

१९७० च्या उन्हाळ्यात तो बैरूतला जाऊन पीएफएलपीच्या दारात उभा राहिला. भरतीचं काम बघणाऱ्या बस्साम अबू शरीफनं त्याला कार्लोस हे नाव दिलं. मग जॉर्डनमध्ये ट्रेनिंग, आणि त्याच सप्टेंबरात जॉर्डनचा राजा हुसेन यानं आपल्या देशातल्या पॅलेस्टिनी गटांवर सैन्य घातलं, त्या लढाईच्या वेळी कार्लोस तिथेच होता. ह्या वयातला कार्लोस खरोखर विचारानं भारलेला होता असं मला वाटतं. वय वीस-एकवीस, बापानं डोक्यात भरलेलं, विद्यापीठानं हाकललेलं आणि समोर खरीखुरी लढाई. शिवाय बापाच्या पैशावर आयुष्यभर आरामात लोळता आलं असतं ते सोडून तो तिथे गेला होता, हेही खरं.

पण मग पहिली कामं बघा. ३० डिसेंबर १९७३ ला संध्याकाळी लंडनमध्ये जोसेफ एडवर्ड सीफ यांच्या घरी तो घुसला. सीफ हे मार्क्स अँड स्पेन्सर ह्या दुकानसाखळीचे प्रमुख, ज्यू, इस्रायलला उघड पाठिंबा देणारे. नोकराच्या पाठीला पिस्तूल लावून त्याला वर न्यायला लावलं, सीफ बाथरूममध्ये होते, जवळून तोंडावर गोळी झाडली. गोळी दातांवर आदळून तिचा जोर गेला, पुढची गोळी सुटलीच नाही कारण पिस्तूल अडकलं, आणि सीफ वाचले. पुढच्याच महिन्यात लंडनमधल्या एका इस्रायली बँकेत बॉम्ब टाकला, तोही नीट फुटला नाही. जानेवारी १९७५ मध्ये पॅरिसच्या ओर्ली एअरपोर्टवर इस्रायली विमानावर रॉकेट डागायचा प्रयत्न झाला, आधी एकदा आणि सहा दिवसांनी पुन्हा, दोन्ही वेळा इस्रायली विमानाला काही झालं नाही. म्हणजे ज्याला पेपरवाले पुढे कधी न चुकणारा म्हणणार होते त्याचं रेकॉर्ड असं होतं.

जे जमलं ते निःशस्त्र लोकांवर जमलं, हे मुद्दाम सांगतो. १५ सप्टेंबर १९७४, रविवार, पॅरिसच्या सँ-जर्मँ भागात द्रगस्टोर पब्लिसिस नावाचं दुकान आणि कॅफे एकत्र असलेलं ठिकाण, तरुण पोरापोरींची गर्दी, वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली हँडग्रेनेड टाकला. दोन माणसं मेली, ३४ जखमी. का? तर हेगमधल्या फ्रेंच दूतावासात जपानी रेड आर्मीनं लोकांना ओलीस धरलं होतं आणि फ्रान्स सरकारनं पॅरिसच्या तुरुंगातला त्यांचा एक माणूस सोडावा म्हणून दबाव आणायचा होता. त्या कॅफेत बसलेल्या लोकांचा इस्रायलशी संबंध नाही, पॅलेस्टाईनशी नाही, जपानशी तर नाहीच नाही. हा आंतरराष्ट्रीय दहशतवादाचा गाभा आहे बघा, जो मरतो तो लक्ष्य नसतोच, लक्ष्य टीव्ही बघणारा मंत्री असतो, मरणारा माणूस म्हणजे त्याला पाठवलेला निरोप.

२७ जून १९७५ ला सगळं बदललं. हद्दादचा पॅरिसमधला माणूस मिशेल मुखारबल फ्रेंच गुप्तचर खात्याच्या, म्हणजे डीएसटीच्या, तावडीत सापडला होता, आणि त्याला घेऊन तीन अधिकारी रू तुलिए ह्या छोट्या गल्लीतल्या एका फ्लॅटवर गेले. तिथे पार्टी चालू होती, दारू, गिटार, लॅटिन अमेरिकन विद्यार्थी. अधिकाऱ्यांकडे हत्यारं नव्हती. बराच वेळ गप्पा चालल्या, अगदी मोकळ्या, मग मुखारबलला खालून वर आणलं आणि त्यानं कार्लोसकडे बोट दाखवलं. कार्लोसनं पिस्तूल काढून दोन अधिकाऱ्यांना मारलं, तिसऱ्याला जखमी केलं आणि मुखारबललाही, म्हणजे स्वतःच्याच साथीदाराला, गोळ्या घालून पळाला. काही सेकंदांचं काम. पुढे १९९७ मध्ये त्याला पहिली जन्मठेप झाली ती ह्याच तीन खुनांसाठी.

जॅकल हे नाव पण तेव्हाचंच. लंडनमधल्या त्याच्या एका मैत्रिणीच्या घरात त्याची हत्यारांनी आणि पासपोर्टांनी भरलेली बॅग सापडली, पत्रकार तिथे पोचला, आणि त्याला शेल्फवर जॅकल हे टोपणनाव असलेल्या भाडोत्री मारेकऱ्यावरची एक गाजलेली कादंबरी दिसली. झालं, दुसऱ्या दिवसापासून हा कार्लोस द जॅकल. गंमत म्हणजे ते पुस्तक त्याचं नव्हतंच, घरातल्या दुसऱ्याच माणसाचं होतं. पण त्या एका नावानं जी जाहिरात झाली ती पैसे देऊन झाली नसती, आणि माझ्या मते इथून पुढे कार्लोसला स्वतःच्या नावाची चटक लागली.

ती कशी ते व्हिएन्नात दिसतं, आणि ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. २१ डिसेंबर १९७५, रविवार सकाळ. तेल विकणाऱ्या देशांची संघटना ओपेक, तिची मंत्र्यांची बैठक व्हिएन्नात चालू होती. सहा जणांची टोळी, स्पोर्ट्स बॅगांत मशीनगन आणि ग्रेनेड, पुढे कार्लोस, डोक्यावर चे गेव्हारासारखी बेरे टोपी आणि अंगात कोट. सुरक्षा नावालाच होती. आत शिरताना आणि नंतरच्या गोळीबारात तीन माणसं मेली, एक ऑस्ट्रियन पोलीस, एक इराकी सुरक्षारक्षक आणि एक लिबियन अर्थतज्ज्ञ. साठच्या वर लोक ओलीस, त्यात अकरा मंत्री. जगातलं बरंचसं तेल ज्यांच्या सहीवर चालायचं ती माणसं एका खोलीत आणि त्यांच्यासमोर सव्वीस वर्षांचा एक पोरगा पिस्तूल घेऊन.

ओलिसांचे त्यानं गट पाडले, मित्र देश, तटस्थ देश, शत्रू देश. ऑस्ट्रियाच्या रेडिओवर पॅलेस्टाईनबद्दलचं पत्रक दर दोन तासांनी वाचायला लावलं. चान्सलर क्रायस्की यांनी मागण्या मान्य केल्या, दुसऱ्या दिवशी विमान दिलं आणि टोळी बेचाळीस ओलिसांना घेऊन अल्जियर्सला निघाली. निघताना एअरपोर्टवर ऑस्ट्रियाच्या गृहमंत्र्यांनी कार्लोसशी हात मिळवला, तो फोटो जगभर छापला आणि त्या मंत्र्यांना त्याबद्दल आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं.

आता मुख्य मुद्दा. हद्दादचा हुकूम स्पष्ट होता, सौदीचे तेलमंत्री यमानी आणि इराणचे मंत्री अमूझेगार यांना मारायचं. यमानींना कार्लोसनं तोंडावर सांगितलंही होतं की तुम्हाला मारणार, तुमच्याशी वैयक्तिक वैर नाही वगैरे, मोठ्या अदबीनं. मग विमान अल्जियर्स, तिथून त्रिपोली, पुन्हा अल्जियर्स असं फिरलं, अल्जेरियाच्या सरकारनं बोलणी केली आणि शेवटी काय झालं? सगळे ओलीस सुटले, दोन्ही मंत्री जिवंत, कार्लोस आणि मंडळी मोकळी. खंडणी दिली गेली असं तेव्हापासून बोललं जातं, आकडे प्रत्येकजण वेगळे सांगतो.

विचार करा, जो खरोखर विचारासाठी मरायला तयार आहे तो इथे काय करेल? मंत्र्यांना मारेल आणि मग अल्जेरियन सैनिकांच्या गोळीनं मरेल. कार्लोसनं हिशोब केला आणि जिवंत राहणं निवडलं. माणूस म्हणून समजू शकतं, आणि दोन जीव वाचले हे चांगलंच झालं, पण हद्दाद भडकला. त्याला हुतात्मा चालला असता, स्टार नको होता. १९७६ मध्ये त्यानं कार्लोसला गटातून काढलं. टोळीतला जर्मन तरुण हान्स-योआखिम क्लाइन, ज्याला व्हिएन्नात पोटात गोळी लागली होती, त्याचं मन ह्या सगळ्यातून उडालं आणि १९७७ मध्ये त्यानं आपलं पिस्तूल एका पत्रासोबत जर्मन साप्ताहिक डेअर श्पीगेलला पोस्टानं पाठवून दिलं की मी ह्यातून बाहेर पडतोय. म्हणजे बाहेर पडता येत होतं.

कार्लोस पडला नाही. हद्दादनं हाकलल्यावर त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. स्वतःची टोळी, उजवा हात म्हणून योहान्नेस वाइनरिख हा जर्मन, आणि गिऱ्हाईक म्हणजे सरकारं. हा भाग लोकांना कमी माहीत असतो. शीतयुद्ध चालू होतं, आणि पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट सरकारांना आणि काही अरब सरकारांना अशी माणसं हवी असायची, ज्यांच्याकडून काम करून घेता येतं आणि अंगावर आलं तर आमचा काही संबंध नाही म्हणता येतं. बुडापेस्टमध्ये त्याचा तळ होता, पूर्व बर्लिनमध्ये येणंजाणं होतं. पूर्व जर्मनीचं गुप्तचर खातं स्टासी त्याच्या टोळीची फाईल 'सेपारात' नावानं ठेवायचं, हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं. रोमानियाच्या सरकारला म्युनिकमधलं रेडिओ फ्री युरोप खुपत होतं, कारण तिथून कम्युनिस्ट सरकारांविरुद्ध बातम्या यायच्या, तर फेब्रुवारी १९८१ मध्ये कार्लोसच्या टोळीनं तिथे बॉम्ब फोडला. आता सांगा, रोमानियन हुकूमशहाच्या टीकाकारांचा आणि पॅलेस्टाईनच्या मुक्तीचा काय संबंध?

अर्थात ह्या सरकारांना तो आवडत होता असं नाही. दारू पिऊन फिरणारा, हॉटेलात बंदूक लावून बसणारा पाहुणा, त्यांनाही त्याची भीती वाटायची, पाळत ठेवायचे, इथून जा म्हणून विनवायचे. पण हाकलायचं कोणी धाडस करत नव्हतं, आणि कामाला यायचा तेव्हा वापरूनही घ्यायचे.

मग १९८२. फेब्रुवारीत पॅरिसच्या पोलिसांनी एका गाडीत स्फोटकांसकट दोघांना पकडलं, एक स्विस तरुण ब्रुनो ब्रेगे आणि दुसरी जर्मन फोटोग्राफर मागदालेना कोप, कार्लोसची मैत्रीण. कार्लोसनं हेगमधल्या फ्रेंच दूतावासात फ्रान्सच्या गृहमंत्र्यांच्या नावे पत्र पोचवलं, माझ्या माणसांना सोडा नाहीतर बघून घेईन, आणि खाली सही पटावी म्हणून अंगठ्यांचे ठसे. सरकारनं सोडलं नाही. २९ मार्चला पॅरिस-तुलूझ रेल्वेत स्फोट, पाच ठार. २२ एप्रिलला, ज्या दिवशी त्या दोघांचा खटला सुरू होणार होता त्याच सकाळी, पॅरिसच्या रू मार्बफमध्ये गाडीत बॉम्ब फुटला, एक गरोदर बाई रस्त्यानं चालली होती ती गेली, साठच्या वर जखमी. १९८३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बर्लिनच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात स्फोट, एक ठार, आणि त्याची स्फोटकं स्टासीच्या एका अधिकाऱ्यानं आधी जप्त करून मग स्वतःच वाइनरिखला परत दिली होती, त्यासाठी त्याला १९९४ मध्ये शिक्षा झाली. १९८३ च्या ३१ डिसेंबरला मार्सेय स्टेशन आणि एका वेगवान रेल्वेत स्फोट, मिळून पाच ठार.

ही लढाई कोणासाठी होती? बायकोसाठी. होणाऱ्या बायकोसाठी म्हणा हवं तर. १९८५ मध्ये कोप शिक्षा भोगून सुटली, त्याच्याकडे गेली, १९८६ मध्ये त्यांना मुलगी झाली, आणि कार्लोस सीरियात दमास्कसला संसार थाटून बसला. सीरियानं अट घातली होती की गप्प बसायचं. तो बसला. घर, गाडी, दारू, पाहुणे, आणि वर्षानुवर्षं एकही मोठी कारवाई नाही. पॅलेस्टाईन तर अजूनही तिथेच होतं.

भिंत पडली, सोव्हिएत युनियन गेलं, आणि कार्लोसची सगळी किंमत एका झटक्यात उतरली. सीरियाला आखाती युद्धानंतर अमेरिकेशी जुळवून घ्यायचं होतं म्हणून १९९१ मध्ये त्याला बाहेर काढलं. कोप मुलीला घेऊन व्हेनेझुएलाला निघून गेली. हा इकडे तिकडे फिरून १९९३ मध्ये सुदानला, खार्तूमला. तिथे आधी अमेरिकन गुप्तचर खात्यानं त्याला हुडकून फोटो काढले, मग फ्रान्सनं सुदानशी बोलणी केली. ऑगस्ट १९९४ मध्ये त्याचं एक छोटं ऑपरेशन झालं होतं, तुमच्या जिवाला धोका आहे असं सांगून सुदानी अधिकाऱ्यांनीच त्याला एका बंगल्यात हलवलं, रात्री झोपेत धरलं, इंजेक्शन दिलं, हातपाय बांधले आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. १५ ऑगस्टला पॅरिस. ना वॉरंटवर प्रत्यार्पण ना काही, सरळ उचलून आणला. त्याच्या वकिलांनी हे अपहरण आहे म्हणून युरोपपर्यंत भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

तुरुंगात त्याला आठ वर्षांहून जास्त काळ एकट्याला ठेवलं होतं, त्यावरून तो युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेला. २००६ मध्ये कोर्टानं म्हटलं की ही अमानुष वागणूक नाही, पण त्याविरुद्ध दाद मागायची नीट सोय त्याला मिळायला हवी होती ती मिळाली नाही. हे मला बरोबर वाटतं, नियम कार्लोसलाही लागू व्हायला पाहिजेत, नाहीतर त्याच्यात आणि कोर्टात फरक काय. त्याच्या वकील इझाबेल कुताँ-पेर यांच्याशी त्यानं २००१ मध्ये इस्लामी पद्धतीनं लग्न केलं, ते फ्रेंच कायद्यानं लग्न धरत नाहीत. २००३ मध्ये तुरुंगातून एक पुस्तक आलं, त्यात मार्क्सवाद मागे पडून क्रांतिकारी इस्लाम पुढे आला होता आणि ओसामा बिन लादेनची तारीफ होती. म्हणजे लेनिनच्या नावाचा पोरगा शेवटी तिथे पोचला. काही लोक म्हणतात हे धर्मांतर खरं होतं, त्यानं १९७५ मध्येच इस्लाम स्वीकारला होता. असेल. पण माझं मत असं की ज्याच्या हातात बंदूक आणि ज्याच्या नावानं पश्चिमेला धडकी भरते त्याच्या शेजारी उभं राहायची त्याची जुनी सवय होती, मग तो कोणत्या का विचाराचा असेना.

२०११ मध्ये १९८२-८३ च्या स्फोटांसाठी, अकरा मृत्यू आणि दीडशेच्या आसपास जखमी, दुसरी जन्मठेप झाली. त्या खटल्यात शेवटी तो तासन्‌तास बोलला आणि नुकत्याच मारल्या गेलेल्या लिबियाच्या हुकूमशहा गद्दाफीची आठवण काढून रडला. मेलेल्या अकरा जणांसाठी नाही. २०१७ मध्ये द्रगस्टोरच्या ग्रेनेडसाठी तिसरी जन्मठेप, तेव्हा कोर्टानं व्यवसाय विचारला तर म्हणाला व्यावसायिक क्रांतिकारक. त्याआधी व्हेनेझुएलाच्या एका पेपरला त्यानं मुलाखत दिली होती, त्यात आपल्या कारवायांत पंधराशे ते दोन हजार माणसं मेली असा आकडा त्यानं स्वतःच सांगितला आणि त्यात सामान्य नागरिक जेमतेम दहा टक्के असंही म्हणाला. फ्रेंच कोर्टात सिद्ध झालेले मृत्यू याच्या जवळपासही नाहीत, तीन खटले मिळून सोळा. बाकीचे आरोपी स्वतःवरचा आकडा कमी करायला धडपडतात.